चौथं तोंड

लेनर्ड हुडाकला वाद घालायला माणूस उरला नव्हता.

तशी ओहायोतल्या मेपल फोर्ड गावात माणसं पुष्कळ होती. पण ती सगळी भली माणसं. "काय हुडाक, आज गारठा आहे नाही?" असं म्हणायची आणि पुढे जायची. आता गारठ्यावर काय वाद घालणार? लेनर्डने एकदा घालून पाहिला होता, तर समोरच्या बाईने काळजीने विचारलं, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

खरा वाद घरात होता. म्हणजे मार्लीन होती तोवर होता. या देशातल्या लोकांनी एका डोंगरावर आपल्या चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं कोरून ठेवली आणि तेव्हापासून दिसेल त्या गोष्टीतून चार थोर निवडायची खोड सगळ्यांना जडली. चार थोर गायक, चार थोर सिनेमे, चार थोर सँडविच. हुडाकांच्या स्वयंपाकघरात आधुनिक अमेरिकेतले चार थोर खेळाडू निवडायचं काम वर्षानुवर्षं चालू होतं. तिघांवर एकमत झालं होतं: बास्केटबॉलचा जॉर्डन, टेनिसची सेरेना आणि पोहणारा फेल्प्स. चौथ्यापाशी गाडी अडली ती अडलीच. लेनर्डचा माणूस कार्ल लुईस, धावण्यात आणि लांब उडीत नऊ सुवर्णपदकं मिळवणारा. मार्लीनची बाई जॅकी जॉयनर-कर्सी, एकटीने सात खेळांची शर्यत जिंकणारी.

"तुझा लुईस पळतो आणि उडी मारतो. संपलं," मार्लीन भांडी विसळता विसळता म्हणायची. "माझी जॅकी अडथळे ओलांडते, उंच उडी मारते, गोळा फेकते, पळते, लांब उडी मारते, भाला फेकते आणि वर परत पळते. सगळं दोन दिवसांत. त्यात दमा. पण पुरुषाने एक काम केलं की त्याची मिरवणूक काढायची आणि बाईने सात केली तरी विचारायचं, जेवायला काय आहे?"

"जेवायला काय आहे?" लेनर्ड विचारायचा, आणि ओला स्पंज डोक्यावरून सुटायचा.

मार्लीन गेली त्याला दोन हिवाळे झाले होते. वाद तिथेच थांबला. लेनर्ड कधी कधी सिंकपाशी उभा राहून लुईसची बाजू मांडायचा. समोरून उत्तर आलं नाही की त्याला ती बाजू फार लंगडी वाटायची. आयुष्यभर विमा कंपनीत बसून लोकांचे दावे नाकारलेला माणूस तो; दुसऱ्याने काहीतरी म्हटल्याशिवाय त्याला आपलं म्हणणं सुचतच नसे.

तर अशा अवस्थेत एका शनिवारी गॅरेज आवरताना त्याला प्लायवूडचा एक अख्खा तक्ता सापडला. उरलेले रंगही सापडले. माणसाने गॅरेज आवरायला घ्यावं आणि आवरावं, एवढं साधं तंत्र. पण ते न पाळल्यामुळे जगात किती तरी उलाढाली झालेल्या आहेत. लेनर्डने तक्त्यावर बादली पालथी घालून चार गोल आखले आणि आपले चार थोर रंगवायला बसला.

चित्रकलेशी त्याचा संबंध शाळेत सुटला होता आणि त्यात चित्रकलेचा फायदाच झाला होता. जॉर्डन गावातल्या दाताच्या डॉक्टरसारखा दिसायला लागला. सेरेना बरी जमली, पण ती रागावलेली वाटत होती, आणि आपलं चित्र पाहता तिचा राग योग्यच आहे असं लेनर्डला वाटलं. फेल्प्सबद्दल न बोललेलं बरं. त्याने निमूटपणे खाली नावं लिहिली. चौथ्या गोलापाशी मात्र ब्रश थांबला. लुईस काढायला अडवणारं कोणी नव्हतं. हात पुढे केला की लुईस झालाच. आणि म्हणूनच त्याला तो काढवेना. मार्लीन घरात नाही असं पाहून वाद जिंकायचा, हा चोरटेपणा त्याच्याने होईना. त्याने चौथा गोल कोरा ठेवला आणि रंग वाळावा म्हणून तक्ता पुढच्या हिरवळीवर उभा केला.

सोमवारी सकाळी पोस्टमन रॉस्को टीग टपाल घेऊन आला आणि तक्त्यासमोर थबकला. रॉस्को गेली कित्येक वर्षं या रस्त्यावर येत होता, पण "नमस्कार" आणि "कुत्रा बांधलाय ना?" यापलीकडे त्याचं बोलणं गेलं नव्हतं. हुडाकांकडे कुत्रा नव्हता.

"चौथा कोण?" रॉस्कोने विचारलं.

"ठरायचंय."

"ठरायचंय काय? जागा लेब्रॉनचीच ठेवलीय ना? इथून तासाभरावर जन्मला तो!"

"एका खेळाचे दोन कशाला? जॉर्डन आहे की."

रॉस्कोने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "अहो हुडाक, ओहायोत राहता, ओहायोचा कर भरता, आणि शिकागोचा माणूस लावून आपला पोरगा बाहेर ठेवता? रात्री झोप लागते तुम्हाला?"

झोप लागत नव्हती, पण तिचं कारण वेगळं होतं. लेनर्डने तोंड उघडलं आणि दोन वर्षं गंजत पडलेली वाक्यं खडखडत बाहेर आली. त्या दिवशी त्या रस्त्याचं टपाल जेवणाच्या वेळेनंतर पोचलं.

संध्याकाळी शेजारच्या ट्रूडी बॉमगार्ट आल्या. ट्रूडी म्हणजे मार्लीनची सख्खी मैत्रीण. मार्लीन गेल्यावर पहिले काही दिवस रोज काहीतरी भाजून आणायच्या. पुढे दोघांनाही काय बोलावं ते कळेना, म्हणून थांबल्या होत्या.

"लेन, हा दाताच्या डॉक्टरचा काय संबंध?"

"जॉर्डन आहे तो. खाली लिहिलंय."

"लिहिलंस ते बरं केलंस. चौथी जिम्नॅस्टिक्सची सिमोन बाइल्स टाक. कोलंबसची मुलगी आहे. ती हवेत जे करते ते मला जमिनीवर झोपूनसुद्धा जमत नाही."

मग सगळा गाव यायला लागला. कुत्री फिरवणारे, गाडी हळू करून काच खाली घेणारे, चर्चचे पाद्री. पाद्रीबुवांनी बेसबॉलच्या एका जुन्या खेळाडूचं नाव सुचवलं. लेनर्ड म्हणाला, तो आधुनिक काळातला नाही. यावरून आधुनिक काळ कधी सुरू झाला हा प्रश्न निघाला आणि असं लक्षात आलं की प्रत्येकाचा आधुनिक काळ तो स्वतः बारा-तेरा वर्षांचा असताना सुरू झालेला होता. पाद्रीबुवांचा बराच आधी सुरू झाला होता. एका परक्या गाडीतल्या माणसाने फुटबॉलच्या टॉम ब्रेडीचं नाव घेतलं. ब्रेडी कॉलेजात मिशिगनकडून खेळलेला. ओहायोत मिशिगनचं नाव पाहुण्याने घेतलं तरी चहापाणी मिळत नाही. "गाडी पुढे घ्या," ट्रूडी शांतपणे म्हणाल्या.

लेनर्डने गॅरेजातून घडीच्या खुर्च्या काढल्या. कॉफीचं मोठं भांडं काढलं. तो लुईसची बाजू घ्यायचा, लोक त्याला वेड्यात काढायचे, तो लोकांना वेड्यात काढायचा. सकाळी उठल्यावर दाढी करायला पुन्हा कारण होतं. आणि एक गोष्ट त्याच्या पक्की ध्यानात आली. लोक त्या तीन तोंडांसाठी येत नव्हते, त्याच्यासाठी तर नव्हतेच. ते चौथ्या कोऱ्या गोलासाठी येत होते. गोल भरला की खुर्च्या परत गॅरेजात. म्हणून कोणी निकालावर यायला लागलं की लेनर्ड हळूच म्हणायचा, "पण आपण गोल्फचा विचारच केला नाही." गोल्फ हा खेळ आहे की फिरणं, यावर आणखी दोन संध्याकाळी निघायच्या.

अशा सुखाला सरकारी नोटीस आल्याशिवाय राहत नाही. ती आली. विनापरवाना फलक.

गावच्या कचेरीत ओडेट फ्रॅली नावाच्या बाई बसत. त्यांच्यासमोर नियमांचं जाडजूड पुस्तक होतं आणि चेहऱ्यावर ते पाठ असल्याचा थकवा.

"जाहिरातीचा फलक आहे का, मिस्टर हुडाक?"

"नाही."

"निवडणुकीचा?"

"थोडाफार."

"उमेदवार कोण?"

"तेच तर ठरत नाहीये."

बाईंनी पान उलटलं. "सणाची सजावट? नाही? मग एकच मार्ग आहे. शोभेची वस्तू. तिला परवाना लागत नाही. पण शोभेची वस्तू पूर्ण असावी लागते. तुमची अपूर्ण आहे."

"अपूर्ण असली तर?"

"तर ते चालू बांधकाम. बांधकामाला परवाना, परवान्याला नकाशा, नकाशावर इंजिनिअरची सही. तोंड कधी पूर्ण होणार त्याची तारीख."

"गोल आहे हो तो नुसता! बादलीने काढलाय."

"तुमची अडचण मी समजू शकते, परंतु," बाई म्हणाल्या.

लेनर्डने टेबलावरची टोपी उचलली. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. घराचं छप्पर उडालेल्या, तळघरात पाणी शिरलेल्या कितीतरी माणसांना त्याने ते लिहिलं होतं, आणि 'परंतु'च्या पुढे काय असतं ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने टोपी घातली. "तक्रार कोणी केली एवढं तरी सांगा."

तक्रार ट्रूडींनी केली होती. त्यांनी ते कुंपणावरूनच कबूल केलं, तेही हातातली काकडी न ठेवता. "मीच केली! लोक माझ्या झेंडूत गाड्या लावतात. आणि तू जन्मात ठरवणार नाहीस, लेन. मी ओळखते तुला. गोल्फ म्हणे!"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू त्यावर वाद घातला असतास."

हे इतकं खरं होतं की लेनर्ड कुंपणापासून मागे फिरला. तो घरात गेला आणि बराच वेळ कोटासकट बसून राहिला.

इथून पुढे मामला त्याच्या हातात राहिला नाही. स्वयंसेवक अग्निशमन दलाचे चीफ लोनी हॅझलेट यांनी जाहीर केलं की चौथ्याचा निकाल दलाच्या, निधी गोळा करायच्या पॅनकेक न्याहारीत मतदानाने लागेल. दलाला नवीन पाण्याचा पाइप घ्यायचा होता आणि वाद घालणारा माणूस जास्त पॅनकेक खातो, असा चीफचा अनुभव होता. समिती नेमली गेली. समितीत पाद्रीबुवा होते, ट्रूडी होत्या, रॉस्को होता. लेनर्डचं नाव नव्हतं.

"अरे, बोर्ड माझा आहे," लेनर्ड चीफला म्हणाला.

"म्हणून तर तुला सगळ्यात जबाबदारीचं काम ठेवलंय," चीफ म्हणाले आणि त्यांनी त्याला नारिंगी जाकीट आणि शिट्टी दिली. गाड्या लावून घ्यायच्या होत्या.

न्याहारीच्या सकाळी लेनर्डच्या घडीच्या खुर्च्या आधीच दलाच्या हॉलवर गेल्या आणि बोर्ड चीफच्या उघड्या ट्रकमध्ये आडवा टाकला गेला. लेनर्डने सुचवलं की दोन दोऱ्यांनी बांधावा. चीफ म्हणाले, "लेन, आम्ही जळत्या घरातून पियानो काढलेत." गिरणीच्या तळ्याजवळच्या वळणावर वारा आला आणि बोर्ड पतंगासारखा उठून सरळ तळ्यात गेला. तो फेल्प्सच्या बाजूने पाण्यावर आपटला. सगळे काठावर उभे राहून बघत होते. "खरं सांगू का," रॉस्को म्हणाला, "आत्ता कुठे तो फेल्प्स वाटतोय." जळत्या घरातून पियानो काढणाऱ्या चौघांनी पँटी वर करून तो बाहेर ओढला. सेरेनाच्या कानाला शेवाळ लागलं होतं. कोरा गोल मात्र जसाच्या तसा कोरा होता.

लेनर्डने नारिंगी जाकीट घालून शिट्ट्या मारल्या. लोक हात हलवून हव्या तिथे गाड्या लावत होते. आतून बटर आणि मेपलच्या पाकाचा वास येत होता, आणि वादाचा आवाज. त्याचा वाद, त्याच्या खुर्च्यांवर, त्याच्याशिवाय. एकदा त्याला लुईसचं नाव ऐकू आलं, आणि पाठोपाठ हशा. तो दारापर्यंत गेला, तेवढ्यात एक मोठी गाडी आली आणि त्याला परत यावं लागलं. मार्लीन असती तर खिडकीतून ओरडली असती, "त्या लुईसवाल्याला आत घ्या, माझं जिंकायचं राहिलंय!" तिची आठवण त्याला अशी भलत्या जागी, तोंडात शिट्टी असताना यायची.

मतं मोजली तेव्हा लेब्रॉन आणि बाइल्स यांना समान पडली. पुन्हा मोजली, पुन्हा समान. रॉस्को म्हणाला पाद्रीबुवांनी दोनदा मत दिलंय. पाद्रीबुवा म्हणाले, दुसरं त्यांच्या आजारी बहिणीचं होतं. भांडण हातघाईवर यायला लागलं तसं चीफने टेबलावर कलथा आपटला. "बोर्ड ज्याचा, निर्णय त्याचा! बोलवा रे हुडाकला."

लेनर्ड जाकिटासकट आत आला. अख्खा हॉल त्याच्याकडे वळला. समोर बोर्ड टेकवलेला, शेजारी रंगाचा डबा आणि ब्रश.

"या दोघांतला हवा तर ठीक," चीफ म्हणाले, "नाहीतर तुझा तू ठरव. तू काय म्हणणार ते आम्हाला माहीतच आहे. लुईस तर लुईस. रंगव आणि मोकळे होऊ या."

"लुईस! लुईस!" मागून कोणीतरी चिडवलं.

म्हणजे जिंकला होता तो. एवढ्या वर्षांनी लुईसला कोणी अडवत नव्हतं. लोक टाळ्या वाजवणार होते, ताटं पुसणार होते आणि घरी जाणार होते. लेनर्डने ब्रश उचलला, आणि रंगात न बुडवताच धरून ठेवला. गोल भरला की उद्या कोणी येणार नव्हतं. आणि लुईसने भरला, तर मार्लीनचं म्हणणं जगातून पुसलं जाणार होतं. ते दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं.

"जॅकी जॉयनर-कर्सी," तो म्हणाला.

हॉलचं छप्पर उडालं. "काय?" "ही कुठून आली?" "इलिनॉयची ना ती?" "एकाही मतपत्रिकेवर नाव नाही!" रॉस्को खुर्चीवर उभा राहिला. "अहो, तुम्ही महिनाभर आमचं डोकं खाल्लंत लुईस लुईस करून!"

"नक्की ना, लेन?" चीफने विचारलं.

"माझं नक्की नाही," लेनर्ड म्हणाला. "पण मार्लीनचं नक्की होतं."

त्या गावात माणसाला असं काही बोलताना ऐकलं की लोक एकदम टेबलं पुसायला लागतात. हॉलभर टेबलं पुसली गेली. ट्रूडी मात्र त्याच्याजवळ आल्या आणि त्यांनी त्याच्या नारिंगी जाकिटाची कॉलर उगाचच सारखी केली.

"मार्लीन असती तर आज गावभर मिरवली असती," त्या म्हणाल्या.

"आणि मला मागून चालायला लावलं असतं," लेनर्ड म्हणाला. दोघं हसली, आणि हसणं संपल्यावर पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना.

तो चेहरा त्याने मन लावून रंगवला. तरी तो जॅकीसारखा दिसला नाही. कोणासारखाच दिसला नाही. खाली नाव लिहिलं, बोर्ड परत हिरवळीवर आला, शोभेची वस्तू म्हणून रीतसर पूर्ण झाला. रविवारी कोणी आलं नाही. कुत्री फिरवणारे आले, पण कुत्री फिरवून गेले. लेनर्डने कॉफीचं मोठं भांडं केलं होतं, ते त्याने सिंकमध्ये ओतलं. "घे, जिंकलीस," तो सिंकपाशी उभा राहून म्हणाला. ती हे ऐकायला किती वर्षं थांबली होती, आणि त्याने ते कधी म्हटलं, तर आता. त्याला स्वतःचा इतका राग आला की त्याने भांडं दोनदा घासलं.

सोमवारी रॉस्को आला. टपाल दिलं. बोर्डाकडे पाहिलं. "छान झालंय," म्हणाला आणि वळला.

छान झालंय! इतका निर्दय शब्द लेनर्डने स्वतःच्या नोकरीतसुद्धा कधी वापरला नव्हता. तो पायऱ्या उतरून मागे धावला. "छान काय, रॉस्को? नीट बघ तरी! लुईस हवा होता तिथे. नऊ सुवर्णपदकं! सोडशील असा?"

रॉस्को थांबला. त्याने लेनर्डकडे पाहिलं. लेनर्डच्या पायात घरातल्या चपला होत्या. रॉस्को मनाने चांगला माणूस होता, आणि परवाचा हॉल तो विसरला नव्हता. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "खरंय, हुडाक. मी घरी जाऊन विचार केला. तुमचंच बरोबर होतं. लुईसच हवा होता."

इतक्या वर्षांत लेनर्डला 'तुमचं बरोबर आहे' असं कोणी पहिल्यांदा म्हणालं, आणि त्याचं टाळकं सटकलं.

"बरोबर? कसं काय बरोबर? लुईस पळतो आणि उडी मारतो. संपलं! आणि ती?"

"अहो, पण तुम्हीच आत्ता..."

"मी काय म्हणतो ते सोड! ती अडथळे ओलांडते, उंच उडी मारते, गोळा फेकते..." लेनर्ड बोटं मोजत होता, आणि मोजून झालेलं बोट रॉस्कोच्या नाकासमोर नाचवत होता, हुबेहूब मार्लीन नाचवायची तसं. "सगळं दोन दिवसांत! त्यात दमा! पुरुषाने एक काम केलं की लगेच मिरवणूक, होय रे?"

"मी कुठे म्हणालो तसं?" रॉस्को चिडला. "आणि दम्याचे गुण द्यायला लागलात तर माझा मेहुणापण बसेल त्या बोर्डावर!"

"तुझा मेहुणा भाला फेकतो?"

"तुमचा लुईस तरी कुठे फेकत होता?"

"तेच तर ती म्हणत होती!" लेनर्ड ओरडला.

रॉस्कोला अजून तीन गल्ल्या करायच्या होत्या. तो चालत राहिला. लेनर्ड शेजारून चालत होता, घरातल्या चपलांनी, कोपऱ्यापर्यंत, मग कोपऱ्याच्या पुढे, आणि पुढच्या गल्लीतल्या पहिल्या फाटकापाशी पोचल्यावर रॉस्कोने टपालाची एक चळत त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "बोलताय तर निदान हे धरा."